भीती कोणाला वाटते आणि धोका कोणाला असतो

मला विचारण्यात आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तापमानवाढ, श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी, युद्धे आणि महागाई यांच्या बातम्या रोज वाचून मनात कायमची धास्ती बसली आहे. ही धास्ती खरी मानावी की फुगवलेली, या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी खरोखर काही संबंध आहे का, आणि सामान्य माणसाने या भीतीचे करायचे काय? मी गेली सव्वीस वर्षे आपत्तीपूर्व तयारीच्या क्षेत्रात, मुख्यतः वादळ आणि पूर यांचे इशारे लोकांपर्यंत वेळेत पोहोचवण्याच्या कामात आहे. त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देते.

या कामात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते तो माणूस आणि ज्याला सर्वांत जास्त धोका आहे तो माणूस, हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि पहिल्याची भीती वेडीवाकडी वाढली तर तिच्यामुळे दुसऱ्याचा धोका आणखी वाढतो. हवामानबदल, विषमता आणि जगाची अस्थिरता यांना जोडणारा धागा माझ्या मते हाच आहे.

आधी धोक्याविषयी. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ या वर्षाचे सरासरी जागतिक तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते; दीड अंशाची रेघ ओलांडणारे ते पहिले कॅलेंडर वर्ष ठरले. तापमानवाढ रोखण्यासाठी झालेल्या २०१५ च्या पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजायची असल्यामुळे एका वर्षाच्या आकड्याने ती मोडली असे होत नाही, परंतु दिशा कोणती आहे याबद्दल शंका उरत नाही. उष्ण हवा अधिक बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो धो-धो पडतो; तापलेला समुद्र वादळाला अधिक ऊर्जा पुरवतो; आणि समुद्राची पातळी वाढल्यामुळे त्याच ताकदीच्या वादळाची लाट पूर्वीपेक्षा आत शिरते. या भागावर तज्ज्ञांमध्ये फारसा वाद नाही आणि मीही येथे अधिक वेळ घालवत नाही.

खरा प्रश्न पुढे सुरू होतो, कारण वादळाच्या ताकदीवरून मृतांची संख्या सांगता येत नाही. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात नमूद केले आहे की २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळे यांमुळे होणारा मृत्युदर अत्यंत असुरक्षित प्रदेशांत, सर्वांत सुरक्षित प्रदेशांच्या तुलनेत, १५ पट होता. दुसरीकडे, गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये जगातील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांच्या वाट्याचे कार्बन उत्सर्जन एकूण उत्सर्जनाच्या १६ टक्के होते, म्हणजे जगातील सर्वांत गरीब दोन तृतीयांश लोकांच्या एकत्रित उत्सर्जनाइतके. पाकिस्तानात २०२२ मध्ये आलेल्या पुराने ३ कोटी ३० लाख लोकांना फटका दिला आणि सतराशेहून अधिक माणसे दगावली; जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहून कमी आहे.

हे आकडे अन्याय दाखवतात, पण तो अन्याय माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो हे त्यांतून कळत नाही. ते समजण्यासाठी बंगालच्या उपसागराचा किनारा पाहावा. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील भोला भागावर आलेल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. १९९१ च्या वादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. २००७ च्या ‘सिद्र’ या अतितीव्र वादळात हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला, आणि २०२० च्या ‘अम्फान’मध्ये भारत आणि बांगलादेश मिळून सव्वाशेच्या आसपास. या पन्नास वर्षांत समुद्र अधिक तापला आणि किनाऱ्यावरची लोकसंख्याही वाढली, तरीही मृत्यू इतके कमी झाले. बांगलादेश या काळात श्रीमंत देश झालेला नव्हता. झाले ते एवढेच की १९७२ पासून सरकार आणि रेड क्रेसेंट (रेड क्रॉसच्याच परिवारातील मदतसंस्था) यांनी मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभारला, त्यात आज ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, आणि किनाऱ्यावर जागोजागी खांबांवर उभे असलेले काँक्रीटचे निवारे बांधले गेले.

अशाच एका स्वयंसेवकाबरोबर मी एकदा त्याच्या वाटणीच्या घरांची फेरी केली होती. त्याच्याकडे इशाऱ्याचे झेंडे होते, हातातला भोंगा होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही होती. वहीत प्रत्येक घरासमोर माणसांची संख्या होतीच, शिवाय कोण चालू शकत नाही, कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणाकडे होडी आहे, हेही लिहिलेले होते. एका विधवेच्या नावापुढे फक्त “दोन गायी” एवढेच होते. मी विचारले तेव्हा त्याने समजावले की तिला वादळाची भीती वाटत नाही असे नाही. पण त्या दोन गायी म्हणजे तिची सगळी पुंजी आहे, त्या गेल्या तर वादळानंतर जगायचे कशावर हा प्रश्न तिला वादळापेक्षा मोठा वाटतो, म्हणून गायींची सोय झाल्याशिवाय ती घर सोडत नाही. त्या किनाऱ्यावर गुरांसाठी १९७० च्या दशकापासून मातीचे उंच टेकाड बांधले गेले, ज्यांना तेथे ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. त्या स्वयंसेवकाच्या यादीत तिची गुरे टेकाडावर नेण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला होता.

विषमतेचा प्रत्यक्ष अर्थ मला त्या दोन शब्दांत समजला. ज्याच्याकडे बँकेत पैसे आहेत, विमा आहे, दुसऱ्या शहरात नातेवाईक आहेत, त्याला घर सोडणे म्हणजे दोन दिवसांची गैरसोय असते. ज्याची सगळी मालमत्ता दावणीला बांधलेली आहे, त्याच्यासाठी तोच इशारा उपासमारीचा निर्णय ठरतो. १९९१ च्या वादळात स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांच्या कित्येक पट होता, आणि त्याची कारणेही अशीच होती. घरातला पुरुष येईपर्यंत बाहेर पडायचे नाही ही शिकवण, मुलांची जबाबदारी, अंगावरची साडी, आणि गर्दीच्या निवाऱ्यात परक्या पुरुषांमध्ये रात्र काढण्याचा संकोच. पुढे निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आणि स्वच्छतागृहे ठेवणे, तसेच स्त्री-स्वयंसेवक भरती करणे, यांनी जो फरक पडला तो केवळ अचूक अंदाजाने पडला नसता.

याची उलट बाजूही त्याच उपसागराच्या काठावर दिसली. मे २००८ मध्ये ‘नर्गिस’ वादळ म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशावर आदळले. भारतीय हवामान खात्याने काही दिवस आधीच इशारे दिले होते. परंतु ते इशारे सखल भागातल्या गावांपर्यंत परिणामकारक रीतीने पोहोचले नाहीत, तेथे निवारे नव्हते, आणि नंतर लष्करी राजवटीने परदेशी मदत अडवून धरली. सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. अंदाज वर्तवणारे उपग्रह तेच होते. राज्यकर्ते आणि जनता यांच्यामधला विश्वास मात्र तेथे नव्हता.

हे फक्त गरीब देशांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागो शहरात सुमारे ७४० जादा मृत्यू झाले, आणि २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७० हजार. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. दार बंद, खिडकी बंद, विचारपूस करणारे कोणी नाही. श्रीमंत देशातही धोका सर्वांत कमी आधार असलेल्या माणसालाच गाठतो, आणि त्या माणसाचे नाव कोणाच्याच वहीत नसते.

आता अस्थिरतेविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपण समजतो की आधी संकट येते आणि मग भीती. कित्येकदा क्रम उलटा असतो. २००७-०८ मधील तांदळाच्या भावाची गोष्ट पाहा. त्या हंगामात जगात तांदळाचे पीक विक्रमी होते. परंतु पिकणाऱ्या तांदळापैकी तेव्हा जेमतेम सहा-सात टक्केच आंतरराष्ट्रीय बाजारात येत होता, त्यामुळे हा बाजार फार लहान आणि नाजूक होता. गहू आणि तेल महागू लागले, तेव्हा देशांतर्गत भाव चढू नयेत म्हणून भारत आणि व्हिएतनाम यांनी निर्यातीवर बंधने घातली. ते पाहून आयात करणारे देश, विशेषतः फिलिपिन्स, मिळेल त्या भावाने मोठ्या खरेदीला उतरले. व्यापाऱ्यांनी माल धरून ठेवला. घरोघरी लोकांनी पोती भरून घेतली. अमेरिकेतील मोठ्या घाऊक दुकानांनीसुद्धा ग्राहकामागे किती पोती द्यायची यावर मर्यादा घातली. थाई तांदळाचा भाव टनामागे साडेतीनशे डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत हजार डॉलरच्या वर गेला. हैतीमध्ये अन्नासाठी दंगली झाल्या आणि एप्रिल २००८ मध्ये तेथील पंतप्रधानांना पद सोडावे लागले.

या गोष्टीचा शेवट मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. जागतिक व्यापार नियमांमुळे जपानला दरवर्षी ठरावीक तांदूळ आयात करावा लागतो आणि त्याचा मोठा साठा, त्यातला बराचसा अमेरिकेतून आलेला, तेथील गोदामांत पडून होता. हा साठा बाजारात आणण्यास अमेरिकेची हरकत नसेल आणि जपान तो देण्यास तयार आहे, एवढे जाहीर होताच, प्रत्यक्ष तांदूळ जहाजांवर चढण्यापूर्वीच, भाव उतरू लागले. भाव भीतीने चढला होता, आणि पुरवठा कोठेतरी आहे हे कळल्यावर तो उतरला. यात कोणी एक खलनायक नव्हता. प्रत्येक सरकारने आणि प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने शहाणपणाचेच पाऊल उचलले होते. फक्त त्या सगळ्या शहाणपणाचे बिल शेवटी ज्याच्याकडे साठवण्यापुरते पैसे नव्हते त्याने भरले. यापुढे पिके वारंवार बुडू लागली तर असे प्रसंग वाढतील, आणि म्हणून हवामानबदलाच्या काळात निर्यातबंदी, साठ्यांची खरी माहिती उघड करणे आणि शेजारी देशांशी आधीच करार करून ठेवणे हे विषय मला धरणे आणि बंधारे यांच्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

भीतीचा दुसरा विकृत प्रकार म्हणजे गरिबाचीच भीती. आपत्तींचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे केंद्र अमेरिकेत १९६३ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या संशोधनातून सातत्याने एक गोष्ट पुढे आली की आपत्तीत सामान्य माणसे सैरावैरा पळत सुटणे किंवा एकमेकांना लुटणे हे अपवादाने घडते. बहुतेक माणसे शेजाऱ्याला हात देतात. तरी २००५ मध्ये ‘कॅटरिना’ वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये हिंसाचाराच्या अफवा इतक्या पसरल्या की पोलिसांना शोध आणि बचावाचे काम थांबवून लूटमार रोखण्यासाठी जाण्याचे आदेश दिले गेले. छपरांवर माणसे अडकलेली होती. निवाऱ्यातील खून आणि अत्याचारांच्या त्या बातम्या पुढे बहुतांशी निराधार ठरल्या.

स्थलांतरितांबद्दलची भीतीही याच जातीची आहे. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत हवामानामुळे २१ कोटी ६० लाख लोकांपर्यंत विस्थापन होऊ शकते; हा आकडा मथळ्यात येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सीमेवर लोटणारे लोंढे उभे राहतात. प्रत्यक्षात तो आकडा स्वतःच्याच देशात जागा बदलणाऱ्यांचा आहे, आणि वेळीच उत्सर्जन घटवले व विकासाची धोरणे बदलली तर तो ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असेही तोच अहवाल सांगतो. अगदी तळाचा माणूस तर जाऊही शकत नाही, कारण जाण्यालाही पैसे लागतात. त्याच्याविरुद्ध भिंत बांधण्यावर होणारा खर्च, त्याला आपल्याच गावात नीट जगता यावे यासाठी लागणाऱ्या पैशातून वजा होतो.

पैशाचा विषय निघाला आहे तर तोही स्पष्ट सांगते, कारण येथे माझा संयम सुटतो. १९९१ मध्ये प्रशांत महासागरातील वानुआतू या देशाने छोट्या बेटराष्ट्रांच्या वतीने असे सुचवले होते की समुद्रपातळी वाढल्याने होणाऱ्या हानीसाठी श्रीमंत देशांनी भरलेल्या वर्गणीतून एक आंतरराष्ट्रीय विमा निधी असावा. अशा हानीसाठीच्या हानीभरपाई निधीचा निर्णय झाला २०२२ मध्ये, इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत. एकतीस वर्षांनी. २०२३ मध्ये दुबईला निधीचे काम सुरू झाले तेव्हा मिळालेली आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची होती. पाकिस्तानातील एका पुराचे नुकसान आणि तोटा मिळून सुमारे ३ हजार कोटी डॉलर होता. २०१७ च्या ‘मारिया’ वादळाने डॉमिनिका या कॅरिबियन बेटाचे नुकसान त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक केले. असा देश पुन्हा उभा राहण्यासाठी कर्ज काढतो, त्याला श्रीमंत देशांपेक्षा चढे व्याज पडते, हप्ते भरता भरता निवारे, रुग्णालये आणि इशारायंत्रणा यांवरचा खर्च कापला जातो, आणि पुढचे वादळ त्याला आणखी दुबळ्या अवस्थेत गाठते. विषमता आणि हवामानबदल यांचे हे चक्र मी अनेक अंदाजपत्रकांत स्वतः वाचले आहे.

हे चक्र तोडता येते, याचे एक छोटे पण नेमके उदाहरण ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचे आहे. २००४ च्या ‘आयव्हन’ वादळाने त्या देशाचे कंबरडे मोडले होते. नंतर कर्जांची फेररचना करताना त्यांनी करारात एक कलम घालून घेतले की ठरावीक तीव्रतेचे वादळ आले तर हप्ते काही काळ पुढे ढकलले जातील. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ आले, ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरील जवळपास प्रत्येक इमारतीला फटका बसला, आणि ते कलम प्रत्यक्ष वापरले गेले. जो पैसा सावकारांकडे गेला असता तो देशात राहिला. कोणाच्या दयेची वाट पाहावी लागली नाही, कारण अट आधीच लिहिलेली होती.

आता तुमच्या मनातल्या धास्तीकडे येते. तुम्ही एकटे नाही. २०२१ मध्ये दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ५९ टक्के तरुण हवामानबदलाबद्दल फार किंवा अत्यंत चिंतित होते, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले की या चिंतेचा त्यांच्या रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. अशा तरुणांना “एवढे काही नाही, काळजी करू नका” असे सांगणे मला खोटेपणाचे वाटते. आणि “आता सगळे संपले” असे सांगणे तितकेच खोटे आहे. पॅरिस करारापूर्वी शतकाअखेरच्या तापमानवाढीचे अंदाज साडेतीन अंशांच्या वर होते; आजच्या धोरणांनुसार ते तीन अंशांच्या खाली किंवा आसपास आले आहेत. हे पुरेसे मुळीच नाही, पण अर्ध्या अंशाच्या फरकात किती घरे, किती शेते आणि किती माणसे येतात हे ज्याने पाहिले आहे, तो त्या फरकाला क्षुल्लक म्हणणार नाही.

इशारे देण्याच्या कामात एक नियम आम्ही फार किंमत मोजून शिकलो. “मोठे वादळ येत आहे” एवढेच सांगितले तर काही माणसे गोठून घरात बसतात आणि काही ऐकलेच नाही असे वागतात. “वादळ उद्या रात्री येईल, शाळेच्या इमारतीत जा, हा माणूस तुम्हाला न्यायला येईल, गुरे टेकाडावर बांधली जातील” असे सांगितले की माणसे उठतात. रोजच्या बातम्या तुम्हाला पहिल्या प्रकारचा इशारा देतात, दिवसातून पन्नास वेळा, आणि दुसरा भाग कधीच सांगत नाहीत. म्हणून बातम्यांसाठी दिवसातली एक ठरावीक वेळ ठेवा आणि उरलेला वेळ त्या दुसऱ्या भागासाठी वापरा. आपण राहतो तेथे पूर किंवा उष्णतेचा इशारा शेवटच्या घरापर्यंत कोण आणि कसा नेतो हे शोधून काढा; बहुतेक ठिकाणी उत्तर अर्धवट मिळेल, आणि काम तेथूनच सुरू होते. आपल्या वस्तीत एकटे कोण राहते, कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाचे औषध शीतकपाटात ठेवावे लागते, याची यादी चार जणांनी मिळून एका दुपारी करता येते. मत मागायला येणाऱ्याला हवामान परिषदेतील मोठ्या घोषणांबद्दल विचारण्याऐवजी विचारा की या भागातील इशारायंत्रणेवर गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि हानीभरपाई निधीत आपला देश किती पैसे भरतो किंवा त्यातून किती मागतो. टंचाईची अफवा आली तर दुप्पट खरेदी करू नका; तांदळाच्या गोष्टीत त्या दुसऱ्या पोत्याने काय केले ते वर लिहिलेच आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. ही धास्ती आठवडेच्या आठवडे झोप उडवत असेल, जेवण जात नसेल, अभ्यासात किंवा कामात लक्ष लागत नसेल, तर तिला जगाची चिंता म्हणून गौरवत बसू नका आणि कमकुवतपणा म्हणून लपवूही नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. आमच्या क्षेत्रातील कित्येक चांगली माणसे एका मोठ्या पुरानंतर कोणाशी न बोलता काम सोडून गेली. म्हणून मी जेथे जेथे प्रशिक्षण देते तेथे हंगाम संपल्यावर स्वयंसेवकांना एकत्र बसवून त्यांनी काय पाहिले ते बोलायला लावते. पहिला तासभर बहुधा कोणी काही बोलत नाही, आणि त्या शांततेत कोणी घाई करायची नाही हेही आम्ही आधीच ठरवलेले असते.